गावाचे नाव ही कोणाची मिळकत?

जमिनीचा उतारा हाती आला म्हणजे शेतकरी प्रथम कब्जेदाराच्या रकान्यात आपले नाव नीट लिहिले आहे की नाही ते पाहतो. मग क्षेत्र पाहतो, आकार पाहतो, इतर हक्कांत कोणा बँकेचा वा सोसायटीचा बोजा राहिला आहे काय ते पाहतो, आणि कागदाची घडी घालून पेटीत ठेवतो. गाव नमुना सात यात वरच्या बाजूस 'शेताचे स्थानिक नाव' असे एक घर असते. तिकडे सहसा कोणाची दृष्टी जात नाही, कारण बहुतेक उताऱ्यांत ते कोरेच असते. महसूल दप्तरात आमचे आयुष्य गेले असल्यामुळे ते घर आमच्या परिचयाचे आहे. ते कोरे राहिल्याने आजवर कोणाचा दावा बुडाला नाही व कोणास दंडही झाला नाही. तथापि ते कोरे राहण्यात पालघर, बोईसर, तारापूर या टापूतील शेतकऱ्याचे काही मोठे नुकसान होत आहे, असे आमचे मत बनले आहे. आणि ते सभासदांपुढे मांडावे याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

गेल्या शतकाच्याही मागे, म्हणजे १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या साहेबांनी जी मोजणीपद्धत घालून दिली, ती पुढे सबंध मुंबई इलाख्यात पसरली व शेतास नंबर मिळाला. त्यापूर्वी शेत हे नावाने ओळखले जाई. नंबर आल्याने हद्दीचे तंटे कमी झाले, सारा निश्चित झाला, हा लाभ कोणीही नाकारणार नाही. परंतु नंबर शेताविषयी काही सांगत नाही. नाव सांगते. ज्या तुकड्यास वाडवडील 'खाजण' म्हणत आले, तेथे कधी काळी भरतीचे पाणी येत असे व बांध फुटल्यास पुन्हा येईल, हे त्या नावातच आले. एखाद्या शेताच्या नावात जुन्या वडाचा उल्लेख असतो, एखाद्यात बावडीचा, एखाद्यात देवाचा. वड पडला, बावडी बुजली, तरी नाव राहते, आणि येथे पाणी किती हातांवर लागत होते याचा सुगावा पुढच्या पिढीस देते. नाव हा त्या जमिनीचा एका शब्दातील इतिहास होय. तो आज वृद्धांच्या तोंडी तेवढा उरला आहे.

जी गोष्ट शेताची तीच गावाची. आपल्याकडे 'नांदगाव तर्फे तारापूर' व 'नांदगाव तर्फे मनोर' अशी दोन गावे आहेत. तर्फ ही जुनी महसुली विभागणी केव्हाच मोडली, पण गावांच्या नावांत ती अद्याप जिवंत आहे व दोन नांदगावांचा घोळ होऊ देत नाही. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली 'महिकावतीची बखर' ज्यांनी चाळली असेल, त्यांस आपल्या किनाऱ्यावरील गावांची नावे किती जुनी आहेत हे निराळे सांगावयास नको. आपला पालघर तालुकाही पूर्वी माहीम तालुका म्हणून ओळखला जाई व कचेरी माहीमास असे. १८६४ साली मुंबई-सुरत लोहमार्ग सुरू झाला, वाहतूक स्थानकाकडे ओढली गेली, आणि कालांतराने मान माहीमाकडून पालघराकडे आला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले, तेव्हा जिल्ह्याचे नावही पालघर असेच ठरले. माहीमची पानवेल मात्र माहीम-केळव्याच्याच नावाने ओळखली जात राहिली. कचेरी हलली म्हणून पिकाने आपले गाव सोडले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता तारापूरकडे पाहू. तारापूर म्हणजे खाडीच्या काठचे, चिंचणीच्या शेजारचे जुने बंदर. तेथील पोर्तुगीजांचा किल्ला मराठ्यांनी १७३९ च्या वसई मोहिमेत घेतला व त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. आज मात्र देशात कोठेही तारापूर म्हटले की लोकांस किल्ला आठवत नाही, खाडीही आठवत नाही. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी भारतातील पहिले अणुवीज केंद्र तारापूरच्या नावाने सुरू झाले, पण ते उभे आहे अक्करपट्टी व घिवली यांच्या बाजूस. पुढे औद्योगिक वसाहत झाली, तिचेही नाव तारापूर. परंतु ती आहे बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस, आणि पास्थळ, सालवड, कुंभवली, कोलवडे, पाम, टेंभी ही गावे तिच्या कुशीत किंवा काठाला आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचे जे निर्देशांक काढले, त्यांत तारापूर क्षेत्र सर्वांत वाईट ठरले. म्हणजे एका गावाचे नाव गेले, दुसऱ्या गावांची जमीन गेली, सांडपाण्याचा त्रास नवापूरसारख्या किनाऱ्यावरील तिसऱ्या गावांच्या वाट्यास आला. आणि जगाच्या नकाशावर या सर्वांचा मिळून एकच शब्द झाला. पास्थळचा शेतकरी परगावी गेला व कोणी त्यास गाव विचारले, तर तो बोईसर म्हणतो. तसे न म्हणावे तर समजणार कोणास? या लहानशा उत्तरात एक अख्खे गाव गिळले जाते.

पोफरण व अक्करपट्टी यांची कथा याहून कठीण. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी ही दोन गावे या शतकाच्या आरंभी उठविण्यात आली. संच अनुक्रमे २००६ व २००५ साली चालू झाले. गावकऱ्यांसाठी नवीन वसाहती बांधल्या गेल्या व त्यांस 'नवीन पोफरण' व 'नवीन अक्करपट्टी' अशी नावे मिळाली. येथे नाव राहिले, माणसेही राहिली. मात्र ज्या शिवारामुळे व ज्या समुद्रकाठामुळे त्या नावास अर्थ होता, ते मागे राहिले. नव्या वसाहतीत घराचा नंबर असतो, गल्ली असते. पण वाडीची वाट, खळे, होडी ओढण्याची जागा ही कोणत्याही नकाशात आखून देता येत नाहीत. मोबदल्याचा हिशेब करताना झाडांची मोजदाद होते, विहिरींचे मूल्य ठरते. पण गावपणाचे मूल्य लिहिण्यास तक्त्यात रकाना नसतो.

या विषयाचा विचार करताना दूरदेशीच्या एका खेड्याचा दाखला येथे देणे उपयुक्त होईल. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेस तिचीनो नावाचा प्रांत आहे. तेथील भाषा इटालियन. त्या सबंध प्रांतात बोस्को गुरीन हे एकच गाव असे आहे की, ज्याची पिढीजात बोली जर्मन आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर, डोंगराच्या कुशीत हे गाव वसले आहे. तेराव्या शतकात वाल्सर म्हणून ओळखले जाणारे कष्टाळू लोक वरच्या वाले प्रांतातून घाट ओलांडून आले व त्यांनी हे गाव वसविले. १२५३ साली तेथील देवालयाची प्रतिष्ठा झाली. असले लोक जेथे जेथे गेले, तेथे तेथे त्यांनी इतरांनी टाकून दिलेली उंचावरची रुक्ष जमीन तोडून लागवडीस आणली, व त्याच्या बदल्यात त्यांस वंशपरंपरेचा कूळहक्क आणि मोकळीक मिळत असे. आपल्याकडे पड जमीन वा खाजण लागवडीस आणणाऱ्यास कौल देण्याची जी जुनी चाल होती, तिच्याशी हे किती जुळते पाहा! सातशेहून अधिक वर्षे चहूकडे इटालियन बोलणाऱ्यांचा वेढा असता या मूठभर शेतकऱ्यांनी आपली बोली राखली. आपल्या जुन्या अवजारांचे, वस्त्रांचे व घरसंसाराच्या वस्तूंचे एक संग्रहालय त्यांनी १९३८ साली एका जुन्या घरात उघडले, ते आजही आहे.

परंतु दाखला देताना त्याची दुसरी बाजू लपवू नये. आज त्या गावात कायम राहणारी माणसे पन्नासच्या आसपास उरली आहेत. तरुण पोटासाठी खाली उतरले. संग्रहालय आहे, नाव आहे, बोलीचे शब्दही जपून ठेवले आहेत. पण बोलणारे दरवर्षी कमी होतात. यावरून आमच्या मते असा बोध निघतो की, गावाची ओळख ही चुलीच्या तीन दगडांवर उभी असते. पहिला दगड जमीन व तिच्यावर चालणारा धंदा, दुसरा बोली, तिसरा नाव. बोस्को गुरीनचा पहिला दगड ढासळला. पोफरणाचाही पहिलाच काढून घेतला गेला. तारापूरचा तिसरा दगड दुसऱ्यांनी उचलून नेला. एक दगड निघाला तरी भांडे कलंडते. केवळ जुन्या वस्तू काचेच्या कपाटात ठेवून गाव राहत नाही, आणि केवळ जमीन हाती राहिली पण तीवर राहणाऱ्यास आपण कोठले हे सांगता येईनासे झाले, तरीही ते राहत नाही.

बोलीविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. आपला टापू याबाबतीत श्रीमंत आहे. ग्रिअर्सन साहेबांनी भारतीय भाषांची जी पाहणी केली, तिच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात वाडवळी, मांगेली, सामवेदी, वारली इत्यादी बोलींची नोंद आहे. वसईकडील सामवेदी, जीस कादोडी असेही म्हणतात, ती हिंदू व ख्रिस्ती या दोन्ही समाजांच्या घरांत बोलली जाते. आपल्या मुलांनी शाळेत शुद्ध मराठी शिकावी, इंग्रजीही शिकावी. त्यास आमची ना नाही. पण वाडवळी बोलणारी आजी व तिचा नातू यांच्यात आज बोलणे होते ते कोणत्या भाषेत, याचा विचार प्रत्येकाने आपल्या ओटीवर बसून करावा. बोलीबरोबर केवळ उच्चार जात नाहीत. भाताच्या वाणांची, माशांच्या जातींची, वाऱ्याच्या दिशांची, पानवेलीच्या रोगांची नावे जातात. आणि नाव गेले म्हणजे ओळखण्याची नजरही जाते. शेतकीच्या मासिकात बोलीचा विषय कशास, असे कोणी विचारील, तर त्यास आमचे हेच उत्तर आहे.

यावर काही सुज्ञ मंडळी म्हणतील की, नावाने व बोलीने पोट भरत नाही. बोईसरच्या कारखान्यांत आमची मुले लागली म्हणून घरावर स्लॅब पडला. हा आक्षेप खोटा नाही, व कारखान्यांचा द्वेष करावा असेही आमचे म्हणणे नाही. पण नावाने पोट भरत नाही हे म्हणणे बाजारानेच खोटे ठरविले आहे. डहाणू घोलवड चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले व २०२१ साली त्या नावाने फळ विलायतेस रवाना झाले. वाडा कोलम तांदळास २०२१ साली तेच मानांकन मिळाले. आपल्याच तालुक्यातील बहाडोली या लहानशा गावाच्या जांभळास २०२३ साली मिळाले. १९९९ च्या ज्या कायद्याने हे मानांकन मिळते, त्याचा सारा आधार हाच की, एखाद्या मालाचा गुण त्याच्या गावच्या मातीशी, हवेशी व तेथील माणसांच्या हातगुणाशी बांधलेला असतो, आणि म्हणून ते नाव त्या गावाबाहेरच्या मालास लावण्याचा अधिकार कोणास नाही. गावाचे नाव ही मिळकत आहे, असे कायद्यानेच येथे मान्य केले. मग त्या मिळकतीची निगा आपण राखतो काय? वाडा कोलम म्हणून भलताच तांदूळ बाजारात विकला जातो, तेव्हा नाव दुसऱ्याच्या खिशात जाते. मानांकन संघास मिळाले तरी प्रत्येक बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद स्वतंत्रपणे करावी लागते, आणि ती करताना आपली जमीन त्या हद्दीत आहे हे कागदाने दाखवावे लागते. ही खटपट किती जणांनी केली, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

येथे एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. गावाची ओळख म्हणजे जमीनदाराची ओळख नव्हे. आपल्या गावांत वाडवळ आहेत तसे मांगेले आहेत, भंडारी आहेत, मल्हार कोळी आहेत, वारली आहेत, मुसलमान आहेत, डहाणूकडे इराणी बागायतदार आहेत. गावातील शेते व नाले यांची जुनी नावे अनेकदा पाड्यावरील वारल्यासच ठाऊक असतात, कारण औत त्याने हाकले व पाण्याची वाट त्याने पाहिली. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरास गोळीबारात जे पाच हुतात्मे पडले, ते एका गावचे वा एका जातीचे नव्हते. सातपाटी, मुरबे, नांदगाव अशा गावांची नावे त्यांच्या नावांबरोबर घेतली जातात, व त्या गावांस त्यांचा अभिमान सारखाच आहे. 'आमचे गाव' या शब्दांतील 'आमचे' जितके रुंद, तितके ते गाव टिकण्याची शक्यता अधिक. जो अभिमान शेजाऱ्यास वगळतो, तो संकटकाळी एकटा पडतो.

आणि परीक्षेचा काळ दूर नाही. वाढवण बंदरास केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपयांचा आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याचा पायाभरणी समारंभ झाला. ज्या डहाणू तालुक्यास २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरविले, त्याच्याच किनाऱ्यावर हे होत आहे. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचे एक स्थानक बोईसर येथे व्हावयाचे आहे. मालवाहू रेल्वे, वडोदऱ्याकडील द्रुतगती मार्ग ही कामे निराळीच. या प्रत्येकाच्या गुणदोषांविषयी सभासदांत मतभेद आहेत, व त्यांचा ऊहापोह येथे करावयाचा नाही. पण एक गोष्ट सर्वांस मान्य व्हावी. मासेमारी, बागायत व घरोघरीचा डाय कोरण्याचा धंदा यांवर जगणाऱ्या वाढवण गावाचे नाव उद्या जगभरच्या जहाजांच्या कागदांवर येईल. तारापूरचे जे झाले तेच वाढवणचे होणार काय? नाव बंदरास, आणि गावास केवळ धूळ, अशी वाटणी होऊ द्यावयाची नसेल, तर तयारी आज केली पाहिजे. जमीन मोजली गेल्यावर व नव्या नगराचे नकाशे रंगल्यावर उशीर झालेला असेल.

तयारी म्हणजे मोर्चाच असे नव्हे. पुढील कामे प्रत्येक गावास अल्प खर्चात करता येण्याजोगी आहेत.

प्रथम, प्रत्येक खातेदाराने आपल्या उताऱ्यावर शेताचे स्थानिक नाव आहे की नाही ते पाहावे, व नसल्यास तलाठ्याकडे, ज्यास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. अर्ज देण्यापूर्वी घरातील वृद्धांस व शेजारच्या पाड्यावरील जाणत्यांस विचारून नाव निश्चित करावे. मनाने नवे नाव रचू नये.

दुसरे, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. ती अनेक ठिकाणी बाहेरच्या माणसाकडून घाईने भरून घेतली जाते. ग्रामसभेने ती मागवून वाचावी, आणि झाडे, वाण, मासे व पाणवठे यांची नावे आपल्या बोलीत तीत लिहवून घ्यावीत. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने व राज्याने २०१४ साली केलेल्या नियमांनी पाड्यासही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची व स्वतःची ग्रामसभा भरविण्याची वाट मोकळी आहे. ज्या पाड्यांनी ही वाट अद्याप धरली नाही, त्यांस खातेदारांनी साह्य करावे.

तिसरे, महसूल कायद्याच्या १६५ व्या कलमात वाजिब-उल-अर्ज नावाच्या पत्रकाची तरतूद आहे. वहिवाटीची वाट, पाण्याचा हक्क, मासे धरण्याचा हक्क यांसंबंधी गावच्या रूढी त्यात नोंदता येतात. भूसंपादनाच्या वेळी तोंडी रूढी ऐकून घेण्यास कोणास वेळ नसतो. लिहिलेली रूढी मात्र टाळता येत नाही.

चौथे, आपल्या मालाच्या पेटीवर, करंडीवर, पानांच्या बांधणीवर गावाचे नाव छापावे. दुकानाच्या पाटीवर 'बोईसर' लिहावयाचे तर खुशाल लिहावे, पण त्याच्या आधी सालवड, पास्थळ, सरावली, जे असेल ते लिहावे. यास एक पैसाही जास्त लागत नाही.

पाचवे, आपल्या संघाने गावोगावच्या शेतांची, विहिरींची व वाणांची नावे या मासिकातून दरमहा एका गावाप्रमाणे क्रमाने प्रसिद्ध करावीत. बोस्को गुरीनच्या शेतकऱ्यांनी संग्रहालय उभारले तेव्हा त्यांच्याजवळ फार द्रव्य होते असे नव्हे. आपण तर केवळ कागद व शाईचाच खर्च मागत आहोत.

या पाच गोष्टींनी बंदर थांबणार नाही व कारखान्याचे सांडपाणीही गोड होणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मोबदल्याच्या, पुनर्वसनाच्या किंवा प्रदूषणाच्या प्रश्नावर अधिकाऱ्यांपुढे उभे राहावयाचे असेल, तर 'अमुक सर्वे नंबरचा खातेदार' म्हणून उभे राहणे निराळे, आणि ज्याच्या शिवाराचा कण नि कण नावानिशी नोंदलेला आहे अशा गावचा मनुष्य म्हणून उभे राहणे निराळे. पहिल्यास रक्कम मोजून वाटेस लावता येते. दुसऱ्याशी बोलणे करावे लागते. सभासदांनी हा भेद ध्यानी घ्यावा, आणि पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वी आपापला उतारा पेटीतून एकवार बाहेर काढावा, एवढीच विनंती आहे.